रेंज नसली तरी हक्क बुडू नये



आज बियाणं, खत किंवा कीड-रोग असा विषय घेतलेला नाही. आज बोलायचं आहे ते मोबाईलवर होणाऱ्या सरकारी कामांबद्दल. शेतीच्या कार्यक्रमात हा विषय कशाला, असं कोणाला वाटेल. पण आता परिस्थिती अशी आली आहे की, शेतात पीक उभं आहे, सातबारा नावावर आहे, नुकसानही खरोखरच झालं आहे, आणि तरीही पदरात काही पडत नाही. कारण मोबाईलवरची एक नोंद राहून गेलेली असते. पेरणी चुकली तर एक हंगाम जातो. ही नोंद चुकली तर तोच हंगाम दुसऱ्या वाटेनं जातो. म्हणून हेही शेतीचंच काम समजून ऐका, आणि ही पत्रिका घरातल्या शिकत्या मुलाकडून एकदा मोठ्यानं वाचून घ्या.

पूर्वी गावागावांतला फरक रस्त्यावरून कळायचा. ज्या गावाला पक्की सडक, त्या गावाला खत वेळेवर, डॉक्टर वेळेवर, साहेबही वेळेवर. डोंगरावरच्या वाडीला सगळं उशिरा. आता सडक बऱ्याच ठिकाणी पोचली, पण तसाच फरक रेंजच्या रूपानं पुन्हा उभा राहिला आहे. एकाला घरबसल्या पाच मिनिटांत काम होतं, आणि त्याच कामासाठी दुसऱ्याला एक दिवसाची मजुरी आणि एसटीचं तिकीट मोडावं लागतं. यालाच जाणकार लोक डिजिटल दरी म्हणतात. आपण साध्या भाषेत रेंजची दरी म्हणू.

कोणकोणती कामं मोबाईलवर गेली?

आधी हिशोब मांडू, म्हणजे विषयाचं वजन लक्षात येईल.

सातबारा उतारा. १ मे २०१८ पासून डिजिटल सहीचा सातबारा मिळू लागला. एका उताऱ्याला १५ रुपये पडतात आणि त्यावर तलाठ्याची वेगळी सही लागत नाही. ही मोठीच सोय झाली, यात शंका नाही. उताऱ्यासाठी चार-चार हेलपाटे घालण्याचे दिवस ज्यांनी पाहिले आहेत, त्यांना ते वेगळं सांगायला नको.

पीक पाहणी. १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर ई-पीक पाहणी सुरू झाली. शेतात काय पेरलं याची नोंद पूर्वी तलाठी करीत. आता ती शेतकऱ्यानं स्वतः शेतात उभं राहून, पिकाचा फोटो काढून करायची आहे.

पीएम किसान. २०१९ साली सुरू झालेल्या या योजनेत वर्षाला ६,००० रुपये तीन हप्त्यांत मिळतात. २०२३ पासून राज्य सरकारच्या नमो शेतकरी योजनेचे आणखी ६,००० रुपये त्याला जोडले गेले. पण आधारची पडताळणी, म्हणजे ई-केवायसी, झाल्याशिवाय हप्ता येत नाही.

शेतकरी ओळख क्रमांक. १५ एप्रिल २०२५ पासून राज्याच्या कृषी विभागाच्या योजनांसाठी हा क्रमांक बंधनकारक झाला.

अवजारं, ठिबक, शेततळं यांचं अनुदान. हे अर्ज महाडीबीटीवर होतात. पूर्वी सोडत निघायची. २०२५ पासून जो पहिला अर्ज करील त्याला पहिलं प्राधान्य, असा नियम झाला.

या शेवटच्या नियमाकडे जरा नीट बघा. सोडतीत नशिबाचा भाग होता, पण चिठ्ठी सगळ्यांची सारखी होती. पहिला येईल तो पहिला, या नियमात वशिला चालत नाही, हे चांगलंच आहे. पण पहिला कोण येणार? ज्याच्या घरात चांगला मोबाईल आहे, ज्याच्या वाडीत रेंज आहे, आणि ज्याला अर्ज सुरू झाल्याची बातमी त्याच दिवशी कळते, तो. नियम सगळ्यांना एकच असला, तरी धावायची सुरुवात सगळ्यांची एका रेषेवरून होत नाही.

दरी कुठे पडते?

"आता मोबाईल कोणाकडे नाही?" असं शहरातली माणसं सहज म्हणून जातात. २०१७-१८ सालच्या राष्ट्रीय नमुना पाहणीत देशातल्या ग्रामीण कुटुंबांपैकी सुमारे १५ टक्के कुटुंबांकडेच इंटरनेटची सोय होती. पुढे २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत, ज्यांनी आयुष्यात एकदा तरी इंटरनेट वापरलं आहे असे लोक मोजले. ग्रामीण भारतात १०० पुरुषांमागे ४९ निघाले आणि १०० बायकांमागे २५. त्यानंतर खेड्यापाड्यांत मोबाईल पुष्कळ वाढले आहेत. पण मोबाईल घरात असणं आणि काम होणं यांच्यामध्ये चार पायऱ्या आहेत. एक जरी पायरी निसटली, तरी माणूस खालीच राहतो.

पहिली पायरी मोबाईलची. साधा बटणाचा फोन असेल तर बोलता येतं, पण फोटो चढवता येत नाही. घरात एकच मोठा मोबाईल असेल, तर तो बहुधा मुलाच्या खिशात असतो, आणि मुलगा तालुक्याच्या कॉलेजात किंवा पुण्या-मुंबईला कामावर.

दुसरी पायरी रेंजची. वाडी खोऱ्यात, टॉवर डोंगरापलीकडे. रेंज येते ती देवळाच्या पायरीवर किंवा टेकाडावरच्या आंब्याखाली.

तिसरी पायरी आधारला जोडलेल्या नंबरची. ही पायरी सगळ्यांत दगा देते. आधार काढताना कोणाचा तरी नंबर दिलेला असतो. तो बंद पडलेला असतो, नाहीतर दुसऱ्याच माणसाकडे असतो. मग ओटीपी येणार कुठे?

चौथी पायरी माहितीची. कोणतं बटण दाबायचं, कोणती तारीख शेवटची, हप्ता का अडकला, हे कळण्याची. ज्याला वाचता येत नाही, त्याच्यासाठी ही पायरी कमरेएवढी उंच आहे.

आमच्या डोंगरी पट्ट्यातलं एक उदाहरण सांगतो. साधारण साठीच्या एक बाई. यजमान वारले, सातबाऱ्यावर बाईंचं नाव रीतसर लागलेलं. दीड एकर जमीन, त्यात भात आणि वरकस रानात नाचणी. पीएम किसानचे तीन हप्ते, म्हणजे ६,००० रुपये अडकले होते. आधारला नंबर मुलाचा, आणि मुलगा मुंबईला पाळीच्या कामावर. ओटीपी यायचा तो त्याच्या मोबाईलवर, आणि तो मशीनवरून हटून आईला फोन करीपर्यंत ओटीपीची मुदत संपलेली असायची. मग बाई अर्धं तिकीट काढून तालुक्याला सेवा केंद्रात गेल्या. तिथे अंगठा उमटेना. जन्मभर चिखलात भाताची लावणी आणि विळ्यानं कापणी केलेल्या हाताच्या रेघा मशीनला दिसेनात. दोनदा जाऊन हात हलवीत परत आल्या. तिसऱ्या वेळी जाणारच नव्हत्या. "माझ्या नशिबात नाही ते पैसे," असं त्यांचं म्हणणं.

शेवटी वाडीतल्याच बारावीतल्या एका मुलीनं देवळाच्या पायरीवर बसून आपल्या मोबाईलवर त्यांचा चेहरा दाखवून ई-केवायसी केली. ओटीपी नाही, अंगठा नाही. काम दहा मिनिटांचं. अडकलेले हप्ते पुढे खात्यात जमा झाले.

आता विचार करा. बाईंचा हक्क होता. पैसेही मंजूर होते. चेहऱ्यानं पडताळणी करायची सोयही २०२३ पासून होती. कमी होतं ते एकच, वाडीतल्या वाडीत मदत करणारं माणूस. ते भेटलं नसतं, तर त्या वर्षीचं खत आणि बियाणं उसनवारीवर आलं असतं.

नुकसान फक्त हप्त्याचं नाही

ही गोष्ट एका माणसाच्या हप्त्यावर थांबत नाही. टिकाऊ विकास, टिकाऊ शेती असे शब्द तुम्ही ऐकले असतील. त्याचा अर्थ एवढाच की, आज आपलं पोट भरावं आणि आपल्या नातवंडांसाठी माती, पाणी आणि बियाणंही शाबूत राहावं. या दरीचा त्याच्याशी फार जवळचा संबंध आहे. दोन उदाहरणं घेऊ.

पहिलं हवामानाचं. हवामान खातं आणि कृषी विद्यापीठं मिळून दर मंगळवारी आणि शुक्रवारी जिल्ह्याचा कृषी हवामान सल्ला काढतात. ज्याला तो मिळतो, तो पावसाचा अंदाज बघून फवारणी पुढे ढकलतो, युरियाचा हप्ता थांबवतो. ज्याला मिळत नाही, तो सकाळी फवारतो आणि दुपारी पाऊस सगळं औषध ओढ्यात नेतो. मग दुसरी फवारणी. पैसे दुप्पट, आणि ते विष ओढ्याच्या पाण्यात, जिथं गुरं पाणी पितात. विजेचंही तसंच. पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेनं तयार केलेलं दामिनी अ‍ॅप विजेची आगाऊ सूचना देतं. पण रानात गुरं घेऊन गेलेल्या माणसाच्या हाती ते नसेल, तर ती सूचना त्याच्यापर्यंत कशी पोचणार?

दुसरं उदाहरण पिकाच्या नोंदीचं. कोणत्या तालुक्यात कोणतं पीक किती, हे सरकारला नोंदीवरूनच कळतं. समजा, सडकेकाठच्या गावानं सोयाबीन आणि उसाची नोंद पूर्ण केली, आणि डोंगरावरच्या वाड्यांची नाचणी, वरई, उडीद, हुलगा नोंदीत आलाच नाही. मग कागदावर काय दिसेल? डोंगरावर जमीन पडीक आहे. पुढे खरेदी केंद्र कुठे काढायचं, बियाणं कोणतं पुरवायचं, विमा कोणत्या पिकाला द्यायचा, याचा विचार होताना ती नाचणी मोजलीच जात नाही. २०२३ हे वर्ष जगभर भरडधान्याचं वर्ष म्हणून साजरं झालं. नाचणीला केंद्र सरकार हमीभावही जाहीर करतं. पण जी नाचणी नोंदीतच नाही, तिला खरेदी केंद्रावर दाखवणार कशी? कमी पाण्यावर येणारी, उतारावरची माती धरून ठेवणारी ही पिकं टिकायची असतील, तर ती शेताबरोबर नोंदीतही उभी राहिली पाहिजेत.

आपल्याच मुलखातली दोन जुनी उदाहरणं

साधन थोडं आणि माणसं पुष्कळ, ही अडचण आपल्याला नवी नाही.

१९५६ साली आकाशवाणीच्या पुणे केंद्रानं युनेस्कोच्या साहाय्यानं एक प्रयोग केला. १५० गावांत शेतकऱ्यांची श्रवण मंडळं काढली. त्या काळी घरोघरी रेडिओ कुठून असणार? गावात एक रेडिओ, आणि त्याच्याभोवती साधारण वीसेक माणसं. आठवड्यातून दोनदा कार्यक्रम ऐकायचा, त्यावर चर्चा करायची, आणि ठरेल ते गावात करून बघायचं. पडलेल्या शंका केंद्राला लिहून पाठवायच्या आणि त्यांची उत्तरं पुढच्या कार्यक्रमात ऐकायची. प्रयोग इतका यशस्वी झाला की पुढे देशभर अशी मंडळं निघाली. लक्षात घ्या, रेडिओ एकच होता, पण शहाणपण वीस घरांत गेलं.

दुसरं उदाहरण वारणेचं. १९९८ साली कोल्हापूर आणि सांगली जिल्ह्यांतल्या वारणा खोऱ्यात सहकारी संस्थांच्या आधारानं सुमारे ७० गावांत संगणक केंद्रं बसवली. उसाची नोंद, तोडीची परवानगी, वजनाचा आणि बिलाचा हिशोब गावातच मिळू लागला. काही वर्षांनी असं दिसलं की, शेतकरी या केंद्रांचा उपयोग मुख्यतः उसाच्या हिशोबासाठीच करतात. मग काही गावांत संगणकाऐवजी साध्या मोबाईलवरच्या संदेशानं तीच माहिती देऊन पाहिली, आणि तेवढ्यानंही काम भागलं. यातून घ्यायचा धडा असा की, यंत्र किती भारी आहे याला महत्त्व नाही. शेतकऱ्याच्या रोजच्या गरजेचं काम त्यावर होतं का, आणि ते चालवून देणारं माणूस गावात आहे का, याला महत्त्व आहे.

मग करायचं काय?

माझं सांगणं असं आहे की, प्रत्येक वाडीनं जुन्या श्रवण मंडळासारखा एक मोबाईल मदत गट काढावा. याला सरकारी मंजुरी लागत नाही, पैसे लागत नाहीत. पुढीलप्रमाणे करा.

१. माणसं ठरवा. वाडीतले दोन-तीन शिकते मुलगे-मुली निवडा. त्यात एक तरी मुलगी किंवा बचत गटाची ताई असू द्या, म्हणजे बायकांना विचारायला संकोच वाटणार नाही. भावकीतली भांडणं मध्ये येणार नाहीत, अशी माणसं घ्या.

२. जागा आणि वार ठरवा. जिथं रेंज येते ती जागा, मग देऊळ असो, शाळेचा ओटा असो. आठवड्यातला एक वार आणि एक तास. बाजाराचा दिवस टाळा.

३. यादी करा. एका वहीत वाडीतल्या प्रत्येक खातेदाराचं नाव लिहा. पुढे पाच रकाने आखा: आधारला चालू नंबर आहे का, ई-केवायसी झाली का, शेतकरी ओळख क्रमांक आहे का, या हंगामाची पीक पाहणी झाली का, सातबाऱ्यावर हयात माणसाचं नाव आहे का. झालं तिथे बरोबरची खूण. खूण नसलेली घरं आधी घ्या. विधवा बाया, एकटी म्हातारी माणसं, आणि ज्यांची मुलं बाहेरगावी आहेत अशी घरं सगळ्यांच्या आधी.

४. हंगामाशी जुळवून घ्या. खरिपाची पीक पाहणी साधारण ऑगस्टच्या सुरुवातीला सुरू होते आणि शेतकऱ्याला जवळजवळ दीड महिना मिळतो. नेमक्या तारखा त्या त्या हंगामाला जाहीर होतात, त्या रेडिओवर ऐका. शेवटच्या आठवड्याची वाट बघू नका, तेव्हा अ‍ॅपवर गर्दी होते. एकाच मोबाईलवरून अनेक खातेदारांची नोंद करता येते. शेतात रेंज नसली तरी तिथे फोटो काढून माहिती भरून ठेवता येते, आणि रेंजमध्ये आल्यावर ती चढवता येते. पण फोटो मात्र शेतात उभं राहूनच काढायचा. घरच्या ओट्यावरून चालत नाही. चुकीचं पीक भरलं गेलं असेल, तर ४८ तासांच्या आत दुरुस्त करा.

५. ग्रामसभेत वाचा. १५ ऑगस्टच्या सुमारास ग्रामसभा असते, आणि पीक पाहणीही त्याच सुमारास चालू असते. हा योग चांगला आहे. अ‍ॅपमध्ये गावातल्या खातेदारांच्या पीक पाहणीची यादी पाहता येते. राहिलेल्यांची नावं सरपंचांनी सभेत वाचून दाखवावीत. कोणाला कमीपणा आणायचा नाही, कोणी मागे राहू नये एवढ्यासाठी. शेतकऱ्याची मुदत संपल्यावर उरलेल्या नोंदी गावपातळीवरच्या सहायकाकडून होतात. त्याच्या हाती ही यादी दिली, तर त्याचंही काम सोपं होतं.

अडकलेलं काम सोडवायच्या वाटा

अंगठा उमटत नसेल, तर पीएम किसानच्या अ‍ॅपमधली चेहऱ्यानं पडताळणी करायची सोय वापरा. मोबाईल असलेला शेतकरी शेजारपाजारच्या १०० शेतकऱ्यांपर्यंत अशी मदत करू शकतो, असं ही सोय सुरू करताना केंद्र सरकारनंच सांगितलं आहे. म्हणजे वाडीतला एक मोबाईल वाडीला पुरतो.

आधारचा नंबर बदलायचा असेल, तर आधार केंद्रावर जा, नाहीतर आपल्या पोस्टमनला विचारा. २०२१ पासून टपाल खात्याच्या बँकेमार्फत पोस्टमन दारात येऊन आधारचा मोबाईल नंबर बदलून देऊ शकतो. खात्यातले पैसेही तो घरी आणून देऊ शकतो. म्हाताऱ्या माणसांसाठी ही सोय फार उपयोगाची आहे.

हप्ता भलत्याच खात्यात गेला, अशी तक्रार बरेचदा येते. पैसे आधारला जोडलेल्या खात्यात जातात. दोन-तीन बँकांत खाती असतील, तर जे खातं सर्वांत शेवटी जोडलं त्यात. तेव्हा आधी सगळी पासबुकं भरून आणा, मग धावपळ करा.

सातबाऱ्यावर अजून वडिलांचं किंवा आजोबांचं नाव असेल, तर वारसाला शेतकरी ओळख क्रमांक मिळायला अडचण येते. मयताच्या जागी वारसांची नावं लावण्यासाठी २०२५ साली शासनानं जिवंत सातबारा मोहीम राबवली. त्यात तुमचं राहून गेलं असेल, तर मृत्यूचा दाखला आणि वारसांची कागदपत्रं घेऊन तलाठ्यांकडे, म्हणजे आताच्या ग्राम महसूल अधिकाऱ्यांकडे जा. वारसांत लेकींची आणि सुनांची नावं हक्काप्रमाणे लागली पाहिजेत. शेतात राबते एक आणि ओळख क्रमांक दुसऱ्याचा, असं होऊ देऊ नका.

आणि काम मुद्दाम अडवलं जात असेल, तर महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५ हा कायदा तुमच्या पाठीशी आहे. अधिसूचित सेवांना मुदत ठरलेली आहे. अर्ज दिल्यावर पोच घ्या. मुदतीत काम झालं नाही, किंवा कारण न देता अर्ज परत केला, तर वरिष्ठ अधिकाऱ्याकडे अपील करता येतं आणि चुकार अधिकाऱ्याला दंडही होऊ शकतो. पण पोचपावती नसेल, तर अपिलाला पायाच राहत नाही, हे विसरू नका.

साध्या फोनवाल्यांसाठी

ज्यांच्याकडे बटणाचाच फोन आहे, त्यांनी मन छोटं करू नये. किसान कॉल सेंटरचा १८००-१८०-१५५१ हा नंबर २००४ सालापासून चालू आहे. कोणत्याही फोनवरून लागतो, पैसे पडत नाहीत, आणि सकाळी ६ ते रात्री १० पर्यंत मराठीत बोलता येतं. पीक, रोग, योजना, काहीही विचारा. विचारताना पिकाचं नाव, पेरणीची तारीख आणि लक्षणं नीट सांगा. आणि रेडिओ आहेच. याला इंटरनेट लागत नाही, ओटीपी लागत नाही, खोऱ्यातल्या वाडीतही तो ऐकू येतो.

चोरापासून सावध

जिथं नवं काम येतं, तिथं नवा चोरही येतो. पुढच्या गोष्टी वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा.

ओटीपी फोनवर कोणालाही सांगायचा नाही. साहेब म्हणून बोलला, बँकेचा म्हणून बोलला, तरी नाही. मदत गटाच्या मुलीलाही तो समोर बसून, आपलंच काम चाललेलं असताना द्यायचा.

पीएम किसानच्या नावानं व्हॉट्सअ‍ॅपवर एखादी फाइल आली आणि ती मोबाईलमध्ये टाका असं सांगितलं, तर टाकायची नाही. अशा फाइलीतून मोबाईलचा ताबा चोराकडे जातो आणि खातं रिकामं होतं.

अंगठा लावण्याआधी कशासाठी लावतो ते विचारायचं. किती पैसे निघाले ते वाचून घ्यायचं, आणि पावती घेतल्याशिवाय उठायचं नाही.

सेवा केंद्रात दरफलक बघायचा. फलकावर असेल तेवढेच पैसे द्यायचे आणि पावती मागायची. बरेचसे केंद्रचालक प्रामाणिक आहेत, आणि पावती मागितल्याचा प्रामाणिक माणसाला राग येत नाही.

फसवणूक झालीच, तर लाज वाटून गप्प बसू नका. ताबडतोब १९३० या नंबरवर फोन करा. जितका लवकर फोन, तितकी पैसे अडवून धरण्याची शक्यता जास्त.

तरुणांना आणि कारभाऱ्यांना दोन शब्द

शिकत्या मुलामुलींनो, तुमच्या हातात जो मोबाईल आहे, त्यावर आठवड्यातला एक तास वाडीसाठी द्या. एखाद्या म्हातारीचा अडकलेला हप्ता सोडवण्यात जे समाधान आहे, ते दुसऱ्या कशात मिळणार नाही. पण एक पथ्य पाळा. दुसऱ्याचं आधार, पासबुक आणि सातबारा यांचे फोटो काम झाल्यावर आपल्या मोबाईलमधून काढून टाका. विश्वास एकदा उडाला, की गट मोडला.

सरपंच आणि सदस्य मंडळींनी ग्रामपंचायतीत इंटरनेटची जोडणी आली आहे का आणि ती चालू आहे का, हे बघावं. असेल, तर ती कुलपात ठेवू नये. फळ्यावर दर आठवड्याला तीन गोष्टी लिहाव्यात: हवामान सल्ला, चालू असलेल्या अर्जांची शेवटची तारीख, आणि मदत गटाचा वार. खडूला रेंज लागत नाही.

आमच्या खात्याचे गावपातळीवरचे कृषी सहायक, ज्यांना २०२५ पासून सहायक कृषी अधिकारी म्हणतात, त्यांना मदत गटाच्या बैठकीला जरूर बोलवा. गावाची यादी तयार असली, तर त्यांनाही नेमकं काम करता येतं.

तर मंडळी, सरकारी सेवा मोबाईलवर आल्या, त्या परत कागदावर जाणार नाहीत, आणि जाव्यात असंही नाही. पण आपल्याकडे पाण्याची पाळी ठरवताना शेवटच्या वाफ्याचा विचार आधी करतात. पाट कितीही मोठा असो, शेवटचा वाफा भिजला तरच पाळी पुरी झाली असं आपण मानतो. या कामाचंही तसंच आहे. येत्या आठवड्यात वही घ्या, नावं लिहा, आणि वाडीच्या शेवटच्या घरापासून सुरुवात करा. काय अनुभव आला, कुठे अडचण पडली, ते कार्यक्रमाला पत्रानं जरूर कळवा.

नमस्कार.